साथीच्या साथीने स्पर्धा भरवताना

पहिला नियम पाठ करून ठेवा. साथीच्या काळात जागतिक क्रीडास्पर्धा भरवावी का, हा प्रश्न तोंडातून बाहेर पडू द्यायचा नाही. 'का' काढून तिथे 'कशी' घालायचं. 'का' विचारलं की डॉक्टर बोलायला लागतात, 'कशी' विचारलं की मंडपवाले. आणि मंडपवाल्यांशी आपलं नेहमीच जमतं.

तुम्ही म्हणाल, आम्हाला कोण देतंय यजमानपद? असं म्हणू नका. २०३६च्या ऑलिंपिकसाठी आपण हात वर केलेलाच आहे, आणि साथी काही विचारून येत नाहीत. टोकियोला २०१३मध्ये यजमानपद मिळालं तेव्हा तिथेही लोक आनंदाने नाचलेच होते. म्हणून अभ्यासाला कोरोनाच्या साथीतलं टोकियोच घेऊ.

सुरुवात कराराने करा. टोकियोच्या करारात स्पर्धा रद्द करण्याचा हक्क फक्त आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीकडे होता. म्हणजे खर्च मुलीकडच्यांनी करायचा, आहेर मुलाकडच्यांनी आणायचा, पण लग्न मोडायचा अधिकार कार्यालयाच्या मॅनेजरला. डिसेंबर २०२०मध्ये खर्चाचा अधिकृत आकडा १ लाख ६४ हजार कोटी येनवर गेला होता. एवढा आकडा झाला की उलट बोलणाऱ्यालाच खर्चिक ठरवता येतं. 'आता मागे फिरलो तर झालेला खर्च वाया जाईल,' असं म्हणायचं. पुढे होणाऱ्या खर्चाचं काय, हे विचारण्याइतका वेळ कुणाकडे नसतो.

तारीख पुढे ढकलावी लागली तर ढकला, नाव बदलू नका. मार्च २०२०मध्ये स्पर्धा वर्षभर पुढे गेली आणि २०२१च्या जुलैत 'टोकियो २०२०' याच नावाने झाली. युरोपातली फुटबॉल स्पर्धाही २०२१मध्ये 'युरो २०२०' म्हणूनच खेळली गेली. टी-शर्ट छापून झालेले असतात हो. जपानचे तेव्हाचे उपपंतप्रधान तारो आसो मात्र हिशेब मांडून बसले: १९४०, १९८०, २०२०, दर चाळीस वर्षांनी ऑलिंपिकला शाप लागतो. १९४०चं ऑलिंपिकही टोकियोलाच मिळालं होतं आणि युद्धापायी १९३८मध्ये त्यांनी ते परत केलं होतं. असली उदाहरणं फार पुढे येऊ देऊ नका. परत करता येतं, हे लोकांना कळतं.

तज्ज्ञांची समिती मात्र हवीच. समिती नसली तर लोक विचारतात, तज्ज्ञ काय म्हणतात? असली की कुणी विचारत नाही. अडचण फक्त तज्ज्ञ खरंच काही म्हणाले तर येते. जपान सरकारच्या सल्लागार समितीचे प्रमुख शिगेरू ओमी जून २०२१मध्ये म्हणाले की अशा परिस्थितीत ऑलिंपिक भरवणं ही सर्वसाधारण गोष्ट नव्हे. यावर आरोग्यमंत्र्यांनी काढलेली तोड शिकून घेण्यासारखी आहे. ओमींचं म्हणणं त्यांनी नाकारलं नाही, खोडलंही नाही. तो त्यांचा त्यांनी स्वतःहून केलेला अभ्यास आहे, असं त्यांनी सांगितलं. पंगतीत आजोबा काही बोलले की आपण 'हो हो, तुम्ही आणखी थोडा मठ्ठा घ्या' म्हणतो, तसं.

वर्तमानपत्रांचं सोपं आहे, त्यांना प्रायोजक करून घ्या. 'असाही शिंबुन' हे मोठं दैनिक ऑलिंपिकचं अधिकृत भागीदार होतं. मे २०२१मध्ये त्याने अग्रलेखात स्पर्धा रद्द करा अशी मागणी केली आणि भागीदारी पुढे चालू ठेवली. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. (थोडा टोमणा आहेच.) पण अग्रलेख आतल्या पानावर असतो आणि बोधचिन्ह सगळीकडे.

आता प्रेक्षक. त्यांना एकदम 'येऊ नका' म्हणू नये, हप्त्याहप्त्याने म्हणावं. टोकियोने मार्च २०२१मध्ये परदेशी प्रेक्षकांना नाही म्हटलं. जूनमध्ये सांगितलं, देशातले चालतील, पण मैदानाच्या क्षमतेच्या निम्मे आणि फार तर दहा हजार. ८ जुलैला आणीबाणी जाहीर झाली आणि ठरलं, टोकियोत कुणीच नको. उद्घाटनाला उरले होते पंधरा दिवस. तिथल्या स्टेडियमची रचना केंगो कुमा या वास्तुविशारदाची. खुर्च्या पाच वेगवेगळ्या रंगांच्या, अशा विखरून बसवलेल्या की लांबून पाहिलं तर माणसं बसल्यासारखी वाटावीत. अडुसष्ट हजार रिकाम्या खुर्च्या, पण कॅमेऱ्यात गर्दी. साथीच्या कितीतरी आधी हे डिझाइन झालं होतं, याला म्हणतात दूरदृष्टी. तसंही ऑलिंपिक समितीच्या उत्पन्नातला सगळ्यात मोठा हिस्सा प्रक्षेपणहक्कांतून येतो. प्रेक्षक हवा तो घरात, कोचावर, रिमोट हातात घेऊन. मैदानातला प्रेक्षक ही शोभा. शोभेचं काम खुर्च्यांनीही भागतं.

मग नियमांची पुस्तिका काढा. जाड काढा. पुस्तिका जाड असली की विषाणू बिचकतो. टोकियोच्या पुस्तिकेत मिठी मारू नये, हस्तांदोलन करू नये, ओरडण्याऐवजी टाळ्या वाजवाव्यात असं सगळं होतं. कुस्तीच्या मॅटवर दोन पैलवान सहा मिनिटं एकमेकांच्या काखेत डोकं घालून घामाने निथळणार, पट काढणार, मान दाबणार, आणि शिट्टी झाली की नियमाप्रमाणे हात मिळवणार नाहीत, कारण संसर्गाचा धोका. कोल्हापूरच्या तालमीतल्या एखाद्या वस्तादांना हे सांगून बघा, आणि सांगताना दाराजवळ उभे राहा.

पदकं ताटातून द्यावीत. टोकियोत ताट समोर धरायचे, विजेत्याने आपलं पदक उचलायचं आणि आपल्याच हाताने गळ्यात घालायचं. हळदीकुंकवाला तबक पुढे आल्यावर 'तुमचं तुम्ही लावून घ्या हं' म्हणतात, तशी चाल. तोंडाला मास्क, म्हणून फोटोत सगळे सारखेच. शेवटी पदकमंचावर तीस सेकंद मास्क काढायची मुभा मिळाली. तीस सेकंदांत विषाणूला हालचाल करता येत नसावी. क्रीडाग्रामात खाटा पुठ्ठ्याच्या होत्या. निरोधाची पाकिटं दीड लाखाच्या घरात होती, पण ती गावात वापरायची नव्हती, निघताना घरी न्यायची होती. आणि चाचणीत सापडलेल्यांना ज्या खोल्यांत ठेवलं होतं, तिथल्या खिडक्या उघडत नव्हत्या. नेदरलँड्सच्या काही खेळाडूंनी हट्ट धरला तेव्हा त्यांना दिवसातून पंधरा मिनिटं, देखरेखीखाली, उघड्या खिडकीपाशी उभं राहायला मिळालं. ताजी हवाही वेळापत्रकात बसते, फक्त नियोजन हवं.

हे सगळं खेळाडूंसाठी होतं, शहरासाठी वेगळी व्यवस्था होती. ऑगस्टच्या सुरुवातीला, स्पर्धा ऐन रंगात असताना, जपान सरकारने सांगितलं की यापुढे फक्त गंभीर रुग्णांनाच दवाखान्यात घेतलं जाईल, बाकीच्यांनी घरी राहावं. ५ ऑगस्टला टोकियोत एका दिवसात ५,०४२ रुग्ण सापडले, तोवरचा उच्चांक. अशा वेळी काय म्हणायचं, तेही आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या प्रवक्त्याने करून दाखवलं होतं: क्रीडाग्राम हे जणू समांतर जग आहे, त्याचा शहराशी संबंध नाही. गणित पक्कं आहे. समांतर रेषा कुठेच भेटत नाहीत. प्रवक्ता चांगला निवडा, एवढंच सांगेन. खुद्द त्या समितीचे तेव्हाचे अध्यक्ष थॉमस बाख जुलैत जपानी लोकांच्या सुरक्षिततेची हमी देताना 'चिनी लोकांच्या' म्हणून गेले. यजमानांचं नाव तळहातावर लिहून ठेवावं.

आणि यजमानच पळाला तर? तर दुसरा बघा, आणि जिथे साथ जास्त तिथे बघा, म्हणजे तिथल्या लोकांना सवय असते. २०२१च्या कोपा अमेरिका फुटबॉल स्पर्धेतून आधी कोलंबिया गळाला, मग अर्जेंटिना. ३१ मे रोजी ती ब्राझीलला दिली गेली आणि १३ जूनला पहिला सामना सुरू झाला. तेरा दिवसांत आमच्याकडे कार्यालयसुद्धा मिळत नाही. स्पर्धेच्या पहिल्याच आठवड्यात ब्राझीलमधल्या मृतांचा आकडा पाच लाखांवर गेला.

आपणही अगदीच अडाणी नाही. रंगीत तालीम एप्रिल २०२१मध्ये आपल्याच वानखेडेवर आयपीएलच्या रूपाने झाली, तीही अर्ध्या जगाचे खेळाडू आणून. त्या आठवड्यात राज्यात किराणा सकाळी सात ते अकरा. २२ एप्रिलला रात्री आठपासून नवे निर्बंध: लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास. माझ्या मावसभावाचं लग्न त्यातच सापडलं. मावशी पाटीवर बेरजा केल्यासारखी बोटं मोजत होती. भटजी धरायचे का? भटजी धरले तर फोटोग्राफर जातो. फोटोग्राफर ठेवला तर धाकटी आत्या जाते, आणि आत्या गेली तर पुढची वीस वर्षं जातात. शेवटी फोटोग्राफर गेला, कानपिळीचा फोटो नवरीच्या भावजयीने मोबाईलवर काढला, तो हलला. त्याच २२ तारखेला वानखेडेवर साडेसातला बंगळूर आणि राजस्थानचा सामना सुरू झाला. आठ वाजता राज्य बंद झालं, सामना चालू राहिला. दिवे लखलखीत होते. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर प्लास्टिकच्या बॅटने खेळणाऱ्या दोन पोरांना त्याच संध्याकाळी वॉचमनने खाली हाकललं होतं, हा भाग वेगळा. त्यांच्याकडे प्रक्षेपणहक्क नव्हते.

आमच्या शाळेच्या जुन्या मित्रांचा एक ग्रुप आहे. त्यावर त्या दिवशी एकाने विचारलं, 'काकांसाठी ऑक्सिजन बेड हवाय, कुठेही चालेल.' त्याच्या खालोखाल दुसऱ्याचा मेसेज, मोबाईलवरच्या त्याच्या काल्पनिक संघासाठी, 'आज कॅप्टन कोहली घेऊ की पडिक्कल?'

स्पर्धा कधी थांबवायची याचंही तेव्हा शिक्षण मिळालं. देशात दिवसाला चार लाख रुग्ण सापडले तेव्हा थांबवायची नाही. बुडबुड्याच्या आतले चारदोन सापडले की थांबवायची. ४ मे रोजी ती थांबली. खेळाडूंना बाहेरच्या जगापासून वेगळं ठेवणाऱ्या 'बायो-बबल'ला मराठीत बुडबुडा म्हणतात, हे नाव देणाऱ्यांना कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

एवढं करूनही कुणी 'का' विचारलाच, तर खेळाडूला पुढे उभं करा. हे शस्त्र शेवटी काढायचं, पण ते अचूक बसतं, कारण ते खरं आहे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे त्या रिकाम्या स्टेडियममध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, ८ मिनिटं १८.१२ सेकंदांत धावला. स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम त्याने मोडला आणि तरी अंतिम फेरीत गेला नाही, कारण त्याची प्राथमिक शर्यतच फार वेगवान होती. वेगळ्या प्राथमिक शर्यतीतले त्याच्यापेक्षा सावकाश धावलेले पुढे गेले. अशा पोराला तुम्ही काय सांगणार, चार वर्षं थांब म्हणून? मला नाही सांगता येणार. आयोजकांना हे पक्कं ठाऊक असतं. कराराची पानं, प्रक्षेपणाचे पैसे, पुठ्ठ्याच्या खाटा, सगळं त्या पोराच्या पाठीमागे नीट उभं राहतं, आणि त्याची छाती तशी रुंद असते.

७ ऑगस्टला नीरज चोप्राचा भाला ८७.५८ मीटरवर पडला तेव्हा मीही कोचावरून उडालो. चहा सांडला. बायको म्हणाली, जुलैत तर तू या स्पर्धेला शिव्या घालत होतास. मी म्हटलं, ते वेगळं. जिन्यात पेढे वाटले गेले, मास्क हनुवटीवर ओढून आम्ही सगळ्यांनी खाल्ले. तेव्हा आयोजक महोदय, प्रेक्षकांची काळजी करू नका. प्रेक्षक येतो.

१९ सप्टेंबरला तीच थांबलेली क्रिकेट स्पर्धा दुबईत पुन्हा सुरू झाली. ग्रुपवर नेहमीचा प्रश्न आला, आज कॅप्टन कोण? एप्रिलमध्ये पडिक्कलचं नाव बरोबर कुणी सांगितलं होतं, शतक काढलं होतं त्याने त्या दिवशी, ते बघायला मी मेसेज मागे सरकवत गेलो. सापडलं. चार मिनिटांत उत्तर आलं होतं, अंगठ्यासकट. त्याच्या वरचा प्रश्न तसाच होता.