पान पिवळं दिसलं की युरिया?

झाड पिवळं पडलं की लगेच सल्ला येतो, “चिमूटभर युरिया टाका, हिरवंगार होईल.” होतंही. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन असतं, पाण्यात चटकन विरघळतं, पानं तरारतात. पण ती पानं जरा हातात घेऊन बघा. लुसलुशीत, रसाळ. मावा ही रस शोषणारी बारीक कीड नेमकी अशाच कोवळ्या शेंड्यांवर येऊन बसते, मग फवारणीसाठी धावाधाव.

“नत्र ते नत्र, झाडाला काय फरक पडतो?” असं विचारणाऱ्यांचं म्हणणं मला मान्य आहे. मूळ शेवटी नत्र नायट्रेट किंवा अमोनियमच्या रूपातच शोषतं, मग ते पोत्यातून येवो की पाचोळ्यातून. फरक पडतो तो मातीला. कंपोस्टमुळे माती भुसभुशीत होते, पाणी धरून ठेवते, जिवाणूंना खायला मिळतं. मुळांना जोडलेली मायकोरायझा बुरशी आपले तंतू पसरून लांबचं स्फुरद (फॉस्फरस) झाडापर्यंत आणून देते. आपण स्फुरदाचा मारा केला की झाड या बुरशीला पोसणंच कमी करतं. आणि कुंडीच्या कडेला साचलेला पांढरा थर, पानांची करपलेली टोकं? बहुतेकदा क्षारांचा अतिरेक असतो तो.

मात्र सेंद्रिय म्हणून वाट्टेल ते टाकणंही मला पटत नाही. ताजं शेण मुळं पोळतं. अंड्याची टरफलं नुसती चुरडून टाकलीत तर वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात, अगदी बारीक पूड करा. कंपोस्टमध्ये ओल्या कचऱ्याच्या दोन-तीन पट सुका पाला घाला. अमोनियाचा उग्र दर्प आला तर आणखी पाला लागतोय असं समजा. मूठभर मिश्रण दाबल्यावर एखाददुसरा थेंब निघाला तर ओल बरोबर आहे. तयार खत काळसर असतं, त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. घाईने अर्धकच्चं वापरू नका, ते कुजताना झाडाचंच नत्र ओढून घेतं.

कुंडीतली वरची दोन इंच माती काढून तिथे हे खत भरा, वर पाचोळा पसरा. गांडूळखत असेल तर उत्तमच.

आणि कृपा करून पिवळेपणा आधी नीट बघा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी असू शकतं. नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोह कमी पडतंय, आणि तिथे युरियाचा काडीचाही उपयोग नाही.