टेप मी लावला होता

ग्वाल्हेरला खेळाचं वातावरण आहे हो, १९५७ पासून एलएनआयपीईसारखी शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे इथे, पण खेळाडूंच्या दुखापती सांभाळणारा ट्रेनर म्हटलं की लोकांना अजून वाटतं हा फक्त बर्फ लावणारा माणूस. मी ११ वर्षं हे काम करतेय म्हणून आज लिहितेय.

आमचा दिवस दोन तुकड्यांत असतो. पहाटे साडेपाचला ग्राउंडवर, मग संध्याकाळी परत पाच ते आठ, आणि मधल्या वेळात रिहॅब, रिपोर्ट, पालकांचे फोन. गणपतीत आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात सगळ्यांच्या घरी आरत्या चालू असतात आणि मी नेमकी टूर्नामेंटला बाहेरगावी. पगाराचं तर काय सांगू, कॉन्ट्रॅक्ट ११ महिन्यांचं. पण खरं सांगते, एवढ्याने मी नाही खचले.

एका १५ वर्षांच्या मुलीचा घोटा मुरगळला होता, सूज उतरली होती पण एका पायावर उड्या मारायला लावल्या तर तिसऱ्या उडीला तिने ओठ चावला. मी म्हटलं नाही खेळायचं. कोच म्हणाले टेप लाव (घोट्याला आधार देणारी चिकटपट्टी), खेळेल ती. मी लावला. सेकंड हाफमध्ये तोच पाय पुन्हा गेला, आणि तिचे बाबा मला म्हणाले, "मॅडम, टेप तर तुम्हीच लावला होता ना?"

काय उत्तर देणार? जबाबदारी सगळी माझी आणि शब्द कोचचा, माणूस आतून जळतो तो इथे.

मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तिना मॅसलॅक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआऊट, म्हणजे कामाने असं आतून जळून जाणं, मोजायची जी प्रश्नावली आणली त्यात तीन गोष्टी बघतात, मन थकून जाणं, समोरच्याशी कोरडं होणं, आणि आपल्या हातून काही होतंय असं वाटेनासं होणं. मला दुसऱ्या गोष्टीची भीती वाटली. परवा एक मुलगी समोर आली आणि तिचं नावच आठवेना, मनात फक्त "डावा गुडघा" एवढंच आलं. रोज भेटते हो ती मला!

अमेरिकेत मोठ्या कॉलेज लीग्समध्ये २०१६ ला नियम केला की खेळाडू परत कधी उतरणार ते कोच नाही, मेडिकल स्टाफ ठरवेल. आपल्याकडे अकॅडमीवाल्यांनी एवढं एक पानभर लिहून, सही करून द्यावं. पगारवाढीचं मी नंतर मागेन.