गुलाबी-जांभळ्या पेन्सिली

भाची मुंबईत एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा फोनवर अगदी रडकुंडीला आली होती. "मामा, सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइडचा फोटो मोबाइलमध्ये असताना जर्नलमध्ये चित्र कशाला काढायचं?" वर्गात यावरून दोन तट पडलेत. ताईचं मत तर ठरलेलंच: डॉक्टरला चित्रांना वेळ कुठला?

मी चौदा वर्षं इंग्लंडमध्ये, लीड्सला डॉक्टर आहे. माझ्या हाताखालची इथली मुलं संगणकावर स्लाइड बघून शिकली. डॉक्टर म्हणून ती उत्तम आहेत. तेव्हा चित्राशिवाय अडतं असं मी म्हणणार नाही. माझं मात्र अडलं असतं.

स्लाइडवर दोन रंग चढवतात: हिमॅटॉक्सिलिनने पेशीचं केंद्रक जांभळं होतं, इओसिनने बाकीचा भाग गुलाबी. म्हणून आमच्याकडे त्या दोन पेन्सिली. मूत्रपिंडातला केशवाहिन्यांचा गुंता काढताना एक पेशी कुठे संपते, दुसरी कुठे सुरू होते, हे रेघेरेघेला ठरवावं लागायचं. फोटोत सगळं आपोआप येतं, म्हणूनच नजरेतून निसटतं. ती सवय पुढे ठाण्याच्या लोकलमध्ये सोबत आली. उभ्या उभ्या लोकांचे हात काढायचो. एकदा कडी धरलेल्या एका माणसाचा हात काढला. घरी वही उघडली तेव्हा दिसलं: बोटांची टोकं फुगीर, नखं गोल वळलेली. फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या जुन्या आजारात असं होतं. गाडीत मला ते कळलंच नव्हतं, हाताने टिपलं होतं. तो कुर्ल्याला उतरून गेला होता. पुढे कित्येक दिवस मी त्याच डब्यात चढलो.

ताईला मी हेन्री वॅनडाइक कार्टरबद्दल सांगितलं. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'ची मूळ चित्रं काढणारा हा डॉक्टर, शरीररचनेवरचा तो ग्रंथ निघाला त्याच १८५८ साली मुंबईत आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला. त्याच कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी डॉ. भाऊ दाजी लाड. दवाखाना सांभाळून त्यांनी अजिंठ्याचे शिलालेख वाचले. भायखळ्याच्या संग्रहालयाला आज त्यांचं नाव आहे.

तरी "वेळ कुठला" हा प्रश्न खराच आहे. इथे आठवड्याला सरासरी ४८ तासांची मर्यादा कायद्यात आहे; रविवारी मी वही घेऊन बसू शकतो. मुंबईत रेसिडेंट असताना छत्तीस तासांनी खोलीवर यायचो आणि बूट न काढताच झोपायचो. वाद घालायचा तर त्या तासांवर घाला, पेन्सिलींवर नको.

आणि नकलेवर घाला. काचेखाली दिवा लावून सीनियरच्या जर्नलवरून गिरवलेली चित्रं मीही सबमिशनला दिली आहेत. त्यांतलं एकही आठवत नाही. चाळीसऐवजी दहाच काढायला लावावीत, पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून.

भाचीला तेवढं पटलं. "मग काल गिरवलेली फाडू?"

"यकृताचं फाड," म्हणालो. "ते बघून काढ आणि मला पाठव."