डोळ्यांतून पाणी येतंय, मग कोरडे कसे?

बेळगाव-निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: डोळ्याला पाणी येत असेल तर तो कोरडा असूच शकत नाही. हा एसीत बसणाऱ्या बेंगळूरकरांचा आजार, आपल्या हवेत होत नाही. चष्मेवाले धंद्यासाठी घाबरवतात, आणि थेंब एकदा लागले की जन्मभर सुटत नाहीत. त्यापेक्षा रात्री शुद्ध मध घाला.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे त्या मेसेजातला चष्मेवालाच. तेव्हा उत्तर द्यायला हवं.

पाण्याचा मुद्दा पहिल्यांदा, कारण सगळी गफलत तिथूनच सुरू होते. अश्रूंचा थर नुसत्या पाण्याचा नसतो. त्यावर तेलाचा पातळ पापुद्रा असतो आणि ते तेल पापणीच्या कडेच्या मायबोमियन ग्रंथींतून येतं. या ग्रंथींची तोंडं बुजली की तेल कमी पडतं, खालचं पाणी भराभर उडून जातं, डोळा चुरचुरतो आणि त्या चुरचुरण्यानेच अश्रुग्रंथी धो धो पाणी सोडते. ते गालावर ओघळतं, डोळ्यावर टिकत नाही. अर्थात वाहणारा प्रत्येक डोळा कोरडाच असतो असंही नाही. अश्रूंची नळी तुंबलेली असते, ॲलर्जी असते. म्हणून तर तपासायचं.

तपासायचं म्हणजे आरशात लाली बघायची नव्हे. आधी प्रश्न: जळजळ कधी होते, वाचताना अंधुक होऊन पापणी मिटली की साफ दिसतं का, ॲलर्जीच्या किंवा मुरुमांच्या गोळ्या चालू आहेत का. मग फ्लुओरेसीनची, म्हणजे अश्रूंना रंग देणाऱ्या रंगाची, पट्टी ओली करून लावायची आणि स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राच्या, निळ्या उजेडात बघत राहायचं. पापणी न मिटता 10 सेकंदांच्या आत थर फाटून काळे डाग दिसले, तर तो टिकत नाही. पाणीच कमी बनतंय अशी शंका असेल तर शर्मरची कागदी पट्टी पापणीत 5 मिनिटं ठेवायची. 5 मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर शंका खरी. शेवटी पापणीची कड हलकेच दाबून तेल कसं येतंय ते बघायचं. दाबायचं काम आधी केलं तर बाकीच्या चाचण्या बिघडतात, म्हणून ते शेवटी.

आता हवा. पावसाळ्यात खानापुरात आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, कबूल. पण वडगाव-खासबागेत मागावर धाग्याकडे टक लावणाऱ्याची पापणी कमी लवते, ती हवेमुळे नाही. निपाणीच्या वखारीतला तंबाखूचा धुरळा डोळ्यांत जातो, तोही हवा बघून जात नाही. रात्री पंख्याखाली मोबाईल धरणाऱ्याला एसीची गरजच काय?

थेंब सुटत नाहीत, यातही घोळ आहे. ओलावा देणाऱ्या थेंबांचं व्यसन लागत नाही. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्यावेत, एवढंच. लत लागते ती डोळा पांढरा करणाऱ्या थेंबांची: असर उतरला की लाली दुप्पट. आणि मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे थेंब बरेच दिवस घातले तर डोळ्याचा दाब वाढू शकतो, आणि बहुधा दुखतसुद्धा नाही. त्याबद्दल मात्र मेसेजात एक अक्षर नाही!

तेलाच्या ग्रंथी बुजल्या असतील तर थेंबांपेक्षा शेक महत्त्वाचा. 40 ते 45 अंशांचा, बंद पापणीवर, 5 ते 10 मिनिटं. फडकं मिनिट-दोन मिनिटांत गार होतं, ते पुन्हा गरम करत राहावं लागतं. नंतर हलका मसाज, कड पुसणं. हे आठवडेच्या आठवडे करायचं असतं आणि तिथेच लोक कंटाळतात.

मध? घरातला मध निर्जंतुक नसतो. डोळ्यात नको. गुलाबपाणी, एरंडेल, तेही नको.

राहिला धंदा. थर फाटलेल्या डोळ्याचा नंबर दर खेपेला वेगळा येतो. धंदाच करायचा असता तर अशा माणसाला दर सहा महिन्यांनी नवा चष्मा विकता आला असता. आम्ही उलट नंबर काढणं पुढे ढकलतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीही हे बघावं लागतं, कारण कोरड्या बुबुळाचं माप चुकलं तर आत बसणाऱ्या लेन्सचा नंबर चुकतो. आणि ज्या बाईचं तोंडही कोरडं पडतं, सांधे धरतात, तिला आम्ही नुसते थेंब देऊन घरी पाठवत नाही, नेत्रतज्ज्ञ आणि फिजिशियनकडे धाडतो. ते शोग्रेन असू शकतं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू-लाळेच्या ग्रंथींवर उलटते तो आजार, आणि त्याचं निदान चष्म्याच्या दुकानात होत नाही.