आखाजीला टीव्ही बोलेना

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या जळगावच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. लेकीबाळी माहेरी आलेल्या, खापरावर मांडे, पातेलंभर आमरस. जेवणं उरकली की सगळा गोतावळा कूलरसमोर लवंडतो आणि फर्मान सुटतं, "बापू, पिक्चर लाव!"

पिक्चर लावणं सोपं असतं, असं ज्यांनी तो कधी लावला नाही त्यांना अगदी ठाम वाटतं. आमच्या घरात अशांचंच बहुमत. माझ्याकडे डीव्हीड्यांची ट्रंक भरली होती, ती हौसेनं एक टीबीच्या, म्हणजे हजार जीबीच्या, हार्ड डिस्कमध्ये उतरवली. कॉम्प्युटरनं मात्र जागा दाखवली ९३१ जीबी. बनवणारा हजारानं मोजतो, कॉम्प्युटर १०२४ नं. दुकानदाराशी भांडायचीही सोय नाही, दोघंही खरंच बोलतात.

खरी मिजास टीव्हीची. त्यापेक्षा पंगतीत रुसलेला जावई परवडला, त्याला निदान काय हवंय ते तरी कळतं. फॅट ३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेली डिस्क आमचा टीव्ही मुकाट वाचतो, पण त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. दोन थरांची डीव्हीडी साडेआठ जीबीपर्यंत जाते. म्हणजे पिक्चर मधोमध चिरा, नाहीतर हिरॉईनचा चेहरा पुसट होईपर्यंत पिळा. मी डिस्क एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीनं फॉरमॅट केली, तिला मोठ्या फाइली चालतात. फाइल बसली, टीव्हीनं ती उघडलीही. पडद्यावर बापानं मुलाला घराबाहेर काढायला हात उगारला, तोंड उघडलं, आणि सगळं चिडीचूप.

मोठी फुई, म्हणजे आत्या, सरसावून बसली. "तोंड हालस, आवाज कोठे गया?"

"फुई, आवाज डीटीएसमध्ये आहे."

"कोन?"

डीटीएस हा आवाज साठवायचा एक प्रकार. तो टीव्हीत चालवायचा तर बनवणाऱ्याला त्याचं लायसन्स पैसे मोजून घ्यावं लागतं, आणि बरेच जण घेत नाहीत. हे मी जमेल तितकं सोपं करून सांगितलं.

"मंग दी टाक ना पैसा!" फुईनं निकाल दिला आणि बटव्याला हात घातला.

यावर उपाय आहे. लॅपटॉपवर चित्राला धक्का न लावता नुसता आवाज एसी३ या टीव्हीला चालणाऱ्या प्रकारात बदलायचा. चहा होईस्तोवर काम होतं. पण तेवढ्यात पोरं कंटाळतात, कोणीतरी दुसराच पिक्चर मागतं आणि त्याचाही आवाज डीटीएसच निघतो.

आवाज आला तर डिस्क टिकटिक करू लागली. आईला वाटलं भिंतीवरचं घड्याळ सुरू झालं. ते बंद पडूनही बरीच वर्षं झालीत. टीव्हीचं जुनं यूएसबी पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंतच वीज देतं आणि आतली तबकडी फिरायला लागताना त्याहून जास्त मागते. दोन तोंडांची केबल लावली, दुसरं तोंड मोबाइलच्या चार्जरला. लगेच भाचा ओरडला, "मामा, माझा चार्जर!"

डिस्कच्या माहितीपत्रकावर लिहिलंय, ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा. लिहिणाऱ्यानं जळगाव पाहिलेलं नसावं. आखाजीच्या दिवसांत इथे ते सकाळचा चहा पिऊन होईपर्यंत पार होतात. दुपारी ४३. शेवटी कूलरचं तोंड डिस्ककडे वळवलं, तेव्हा माणसांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती इथे लिहिण्यासारखी नाही.

पण पिक्चर लागला. आवाजासकट. मध्यंतरापर्यंत फुई घोरत होती, आक्का आईशी बोलत होती आणि पोरं मोबाइलवर होती. सलग पाहत होते ते फक्त सुरतचे दाजी. संपल्यावर ते म्हणाले, "चांगला साठा आहे तुझा. आमच्या लग्नाची कॅसेटपण यातच आहे ना? पूर्ण डिस्कच कॉपी करून दे, गाडी रात्रीची आहे."

माझा लॅपटॉप जुना, पोर्ट यूएसबी २ चं. सेकंदाला साधारण ३० एमबी जातात. मी मनात हिशेब केला.

"दाजी, आठ-नऊ तास लागतील. तेही वीज टिकली तर."

दाजींनी लोड ओढून पाय ताणले. "काही घाई नाही. उद्याच्या गाडीनं जाऊ."

स्वयंपाकघरात खापर नुकतंच खाली उतरवलं होतं. तिथून बायकोनं नुसतं डोकावून माझ्याकडे पाहिलं.