विनोदच तर केला होता!

दुसऱ्या देशाच्या माणसावर विनोद करायचा आणि वर वंशद्वेष्टंही ठरायचं नाही, हे काम आता पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. पूर्वी "अहो, गंमत हो!" म्हटलं की भागायचं. हल्ली लोक प्रश्न विचारतात. तेव्हा थोडी तयारी करूनच तोंड उघडावं.

सुरुवात कच्च्या मालापासून. नवा विनोद रचायच्या फंदात पडू नका, तयार साचा घ्या. बल्ब बदलायला किती 'अमके' लागतात? पाच. एकजण टेबलावर उभा राहून बल्ब धरतो, बाकीचे चौघे टेबल फिरवतात. मठ्ठपणाच्या असल्या विनोदांत अमेरिकेत पोलिश माणूस बसवतात, इंग्लंडमध्ये आयरिश, फ्रान्समध्ये बेल्जियन. स्वीडनमध्ये नॉर्वेचा माणूस असतो आणि नॉर्वेत तोच विनोद उलटा फिरून स्वीडनच्या माणसावर येतो. माल एकच, लेबल तेवढं वेगळं. यात एक अडचण आहे, ती श्रोत्यांच्या लक्षात येऊ देऊ नका: नाव बदलूनही विनोद जसाच्या तसा चालतो, म्हणजे त्यात त्या देशाची काडीचीही माहिती नाही. म्हणून त्याच्यामागोमाग "पण ते लोक असतातच तसे" हे कधी म्हणू नका. चौघे टेबल फिरवतायत तोवर सगळा वेडेपणाचा खेळ असतो. हे एक वाक्य आलं की तुम्ही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे.

नाव बदललं की मरतो, तो विनोद जास्त जपून हाताळायचा. त्यात पुन्हा दोन जाती. एक देशाच्या कारभारावर उभी असते. सोव्हिएत काळात तिथलेच लोक दुकानासमोरच्या रांगांवर विनोद करायचे, आणि ते कुणाला लागत असतील तर सरकारला. रांग काही कुणाच्या रक्तात नसते. दुसरी जात डोळ्यांचा आकार, अंगाचा वास, उच्चार आणि 'पाकीट सांभाळा रे' यांच्यावर जगते. तुम्हाला आवडते ती हीच. पुढचा सगळा खटाटोप तिच्यासाठीच आहे.

पहिली ढाल: "राष्ट्रीयत्व म्हणजे वंश नव्हे." ऐकायला भारदस्त वाटते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये ती चाललीसुद्धा. नगरपालिकेच्या घरांच्या यादीतून एका पोलिश नागरिकाला वगळलं होतं, तेव्हा त्या काळी ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की वंशभेदविरोधी कायद्यातल्या 'राष्ट्रीय मूळ' या शब्दांत नागरिकत्व येत नाही. थोड्याच वर्षांनी, १९७६ च्या कायद्यात, 'राष्ट्रीयत्व' हा शब्द मुद्दाम घालून ते भोक बुजवलं. संयुक्त राष्ट्रांच्या १९६५ च्या वंशभेदविरोधी कराराच्या पहिल्याच कलमात वंश, रंग आणि कूळ यांच्या शेजारी 'राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ' बसलेलं आहे. नागरिक आणि परकीय यांच्यात राज्याने केलेला भेद तेवढा त्या करारातून वगळला आहे. पण तुम्ही व्हिसा देत नाही, किस्से सांगता. तरीही ढाल वापरायचीच असेल तर वाचन कमी असलेल्या मंडळींत वापरा.

दुसरी ढाल: "माझा तसा हेतू नव्हता." ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यातलं २६ वं कलम यासाठी फार गैरसोयीचं आहे. नको असलेल्या वागण्याचा हेतू 'किंवा' परिणाम माणसाची प्रतिष्ठा दुखावण्याचा असेल तर तो छळ, असं ते म्हणतं. त्या 'किंवा'ने भल्याभल्यांचा घात केलाय. बरं, नुसतं समोरच्याला लागलं एवढ्यावरही निकाल होत नाही. एकूण परिस्थिती काय होती आणि तसं लागणं वाजवी होतं का, हेही बघतात. म्हणजे "आजकाल काही बोलायचीच चोरी" हे रडगाणंही तिथे नीट वाजत नाही.

आता परवानगी. ही मागायची नसते, समजून घ्यायची असते. खोलीत आठ जण. नवा सहकारी एक वाक्य बोलतो, तुम्ही लगेच त्याच्याच हेलात ते परत म्हणून दाखवता. सहा जण हसतात. तो आधी तुमच्याकडे बघतो, मग त्या सहांकडे, आणि मग हसतो. हा जो दीड सेकंदाचा उशीर आहे, त्याकडे लक्ष देऊ नका. तो हसला, संपलं. पुढच्या बैठकीपासून तो छोटी वाक्यं बोलू लागला, फोनऐवजी मेल पाठवू लागला, तर "जरा अबोल आहे" अशी नोंद करा. आणि त्याने कधी तुमच्या देशावर तसाच विनोद केला, तर मात्र वातावरण बिघडवल्याबद्दल त्याची कानउघाडणी करायला विसरू नका. थट्टा परस्परांची असते हे खरं, पण सुरुवात कुणी करायची याला काही शिस्त हवी.

'मित्रामित्रांतली मस्करी' हे लेबल लावताना जपा, ते महाग पडू शकतं. इंग्लंडच्या यॉर्कशायर काउंटी क्रिकेट क्लबने आपला माजी खेळाडू अझीम रफिक याच्या तक्रारींवर चौकशी करवून घेतली. पाकिस्तानी मुळावरून वापरलेली शिवी त्या अहवालात सलोख्यातली थट्टा ठरली होती, हे २०२१ मध्ये बाहेर आलं. शिवी म्हणजे तरी काय, देशाच्या नावाची पहिली दोन अक्षरं कापून घेतलेली. प्रायोजक निघून गेले, आंतरराष्ट्रीय सामने भरवण्याचा हक्क काही काळ गेला, आणि २०२३ मध्ये शिस्तपालन आयोगाने ४ लाख पौंडांचा दंड केला (त्यातले ३ लाख स्थगित), शिवाय चॅम्पियनशिपमधले ४८ गुण कापले. दोन अक्षरांना हा भाव जरा जास्तच.

विद्वानांचा आधार हवा असेल तर समाजशास्त्रज्ञ ख्रिस्टी डेव्हिस कामाला येतील. त्यांच्या मते विनोद थर्मामीटर असतो, थर्मोस्टॅट नव्हे. तो समाजाचं तापमान दाखवतो, घडवत नाही. छान वाक्य आहे, पाठ करा. फक्त थर्मामीटर तुमच्याच काखेत आहे याची आठवण कुणी करून देणार नाही, एवढं बघा. मानसशास्त्रज्ञ थॉमस फोर्ड यांचं नाव मात्र टाळलेलं बरं. त्यांचे प्रयोग मुख्यतः स्त्रियांवरच्या विनोदांचे, पण निष्कर्ष इथेही टोचतो: अशा विनोदाने भला माणूस बिघडत नाही, ज्याच्या मनात आधीच अढी आहे त्याला मोकळीक मिळते. म्हणजे तुम्ही निर्मळ मनाने सांगितलेला किस्सा कोपऱ्यातल्या नेमक्या माणसाला परवाना वाटतो. सगळ्यात मोठ्याने हसणारा कोण, ते एकदा बघून ठेवा.

इतकं करूनही प्रकरण अंगाशी आलंच, तर माफी मागा, पण 'जर' घालून: "जर कुणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील तर." दुखावलं कुणी, हे वाक्यात कुठेच येत नाही. मराठीत ही सोय फार सुरेख आहे.

एका गोष्टीवर मात्र आमच्याकडे उतारा नाही. कुणीतरी न हसता, अगदी साध्या आवाजात म्हणतं, "मला कळला नाही. यात हसायचं काय आहे, जरा सांगा ना." मग "कारण ते लोक..." अशी सुरुवात करून ते वाक्य सगळ्यांदेखत पूर्ण करावं लागतं. पूर्ण करू नका. फोन आला म्हणा आणि उठा.