‘त्रस्त दुकानदार’ भाऊंना उत्तर: ट्रक गावाबाहेर जाऊ द्या, एसटी नको

भाऊ, नमस्कार.

मेन रोडच्या आराखड्यावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली, ती मी तीनदा वाचली. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आराखडा असा, की मेन रोड रुंद आणि सिमेंटचा करायचा, मधे डिव्हायडर टाकायचा, आणि ट्रकांबरोबर एसटी स्टँड आणि बाजारही बायपासला न्यायचा. स्टँड आणि बाजार हलवायला मी विरोध केला होता. तुमचं म्हणणं असं, की मी विकासाच्या आड येतो. दहा-बारा भाजीवाल्या बाया आणि दोन पानठेलेवाले यांच्याशी बोलून ते ‘गावाचं मत’ म्हणून छापतो. मेन रोडवर माझं दुकान नाही, त्यामुळं दिवसभर धूळ खाणं काय असतं ते मला माहीत नाही. आणि तुमच्या वडिलांना यवतमाळला घेऊन निघालेली 108 बाजाराच्या दिवशी गांधी चौकात वीस मिनिटं अडकून पडली, तेव्हा तुमचा जीव कसा झाला असेल याची मला कल्पना नाही.

शेवटच्या गोष्टीपासून सुरू करतो. वडील आता घरी आहेत, फिरतात, असं तुम्ही लिहिलं, ते वाचून बरं वाटलं. त्या वीस मिनिटांवर माझ्याकडं कुठलाही प्रतिवाद नाही. ज्या चौकातून ॲम्ब्युलन्स निघू शकत नाही तो चौक बदललाच पाहिजे. जड वाहतूक बायपासवरून वळवायला माझा पाठिंबा आहे, हे मी त्या लेखातही लिहिलं होतं, पण पार शेवटच्या परिच्छेदात. ते पहिल्या ओळीत यायला हवं होतं. तिथं चूक माझी.

दुकानदारांशी मी बोललो नव्हतो, हेही खरं. म्हणून मागच्या आठवड्यात चार संध्याकाळी मेन रोडवरच घालवल्या. तुमच्या शेजाऱ्यांचंही एकमत नाही, भाऊ. हार्डवेअरवाल्यांना रस्ता रुंद हवा, कारण त्यांचा माल ट्रकनं येतो. कापडवाले डिव्हायडरला घाबरून आहेत, कारण समोरच्या फुटपाथवरचं गिऱ्हाईक अर्धा फर्लांग वळसा घालून साडी पाहायला येत नाही. मेडिकलवाल्या दादांना फक्त पार्किंग हवं. आणि तिघांनाही ट्रक नको आहेत. तुम्हालाही नको, मलाही नको. मग भांडण नेमकं कशावर आहे ते नीट पाहू.

मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सकाळी दहा ते एक चौकात बँकेच्या ओट्यावर बसलो. साडेदहाच्या सुमारास पहिला जाम लागला. वणीकडून आलेला कोळशाचा दहाचाकी ट्रक चौकात वळत होता, वरची ताडपत्री एका बाजूनं सुटलेली. एका दमात वळण बसलं नाही म्हणून ड्रायव्हरनं गाडी मागं घ्यायला सुरुवात केली. मागं कापसानं भरलेली बंडी. बैल मागं सरेनात. बंडीवाल्यानं खाली उडी मारून जू धरलं आणि बैलांच्या तोंडाला हात लावून त्यांना तसूतसूनं मागं दाबलं. तेवढ्यात समोरून एसटी आली. डाव्या अंगाला एका दुकानासमोर पांढरी कार उभी होती, मालक आत. ती कार दोन हात हलली असती तर ट्रक निघून गेला असता. मालकाला शोधून आणेपर्यंत अकरा मिनिटं गेली. तेवढ्या वेळात कडेला बसलेल्या बायांनी आपापल्या टोपल्या दोनदा मागं ओढल्या. एकीची भेदरांची (टमाट्यांची) पाटी तरी ट्रकच्या मागच्या चाकाखाली गेली. रस्त्यावर लाल चिखल झाला, आणि ट्रक निघून गेल्यावर एक जण त्या बाईलाच म्हणाला, ‘तुमच्यापायीच जाम होते.’

हे मी का सांगतो? आराखड्यात वाहनांची जी मोजणी आहे, तीही अशीच बोलते. रस्त्यांचे इंजिनीअर सगळी वाहनं एका मापात मोजतात, त्याला पीसीयू म्हणतात. एक कार म्हणजे 1. इंडियन रोड्स काँग्रेसची ग्रामीण रस्त्यांच्या क्षमतेबद्दल 1990 ची निर्देशिका आहे. तिच्यात दुचाकीला अर्धा, ट्रॅक्टर-ट्रॉलीला साडेचार आणि मोठ्या बैलबंडीला 8 धरलेत. म्हणजे एक बंडी आठ कारइतका रस्ता अडवते. रस्त्याच्या जागेपुरता हा हिशेब बरोबरच आहे, बंडी संथ चालते. पण त्याच तक्त्यात ट्रक आणि बस या दोघांनाही 3 धरलंय. कोळशाचा ट्रक 3 आणि लाल परी 3. कागदावर दोन्ही सारखेच.

ट्रक आपल्या गावात काय ठेवून जातो? धूळ, आणि फार तर एक चहा. एसटीतून चाळीस-पन्नास माणसं उतरतात आणि तुमच्या दुकानासमोरून चालत जातात. आराखडा करणाऱ्यांनी या दोघांना एकाच टोपल्यात टाकलं आणि दोघांनाही तीन किलोमीटर लांब बायपासवर पाठवून दिलं. माझा विरोध एवढ्याच गोष्टीला आहे, आणि तो मी सोडणार नाही.

मी ज्या खेड्यात शिकवतो तिथून रोज याच एसटीनं येतो-जातो, म्हणून ही गर्दी मला चेहऱ्यांनी ठाऊक आहे. मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी, ऑगस्ट 2022 पासून, पंच्याहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट झाली. गाडीतला फरक मी डोळ्यांनी पाहिला. आधी घरातून एक माणूस बाजाराला यायचा, आता माय, लेक आणि म्हातारी सासू तिघी येतात. माझ्या वर्गातल्या एका पोराची माय घ्या. सव्वादहाला स्टँडवर उतरते. आधी बँक, कारण लाडकी बहीणचे 1500 रुपये काढायचे असतात. मग तहसीलमध्ये एखादा दाखला, मग सासूच्या बीपीच्या गोळ्या, मग पोराचा गणवेश. विळ्याला धार लावायला टाकलेली असते. शेवटी सांबार (कोथिंबीर), वांगी, आलू, फल्ली घेऊन साडेचारच्या गाडीला परत. हे सगळं पायी होतं. बँकेतून निघालेला पैसा संध्याकाळपर्यंत मेन रोडवरच्या पाच-सहा दुकानांच्या गल्ल्यांत गेलेला असतो, भाऊ, आणि त्यातला एक गल्ला तुमचा असू शकतो.

स्टँड बायपासला गेला तर तिथून गावात यायला आटो लागेल. आज कुणीही आटोवाला तेवढ्याला माणशी वीस रुपये घेतो. जाता वीस, येता वीस. तिघी असल्या तर 120. अर्ध्या तिकिटात वाचलेले पैसे तिथंच गेले, वर पदरचे घालावे लागले. परतीच्या गाडीसाठी अर्धा तास आधी बाजार सोडावा लागेल तो वेगळा. मी हाच प्रश्न भाजीवाल्या मावशींना विचारला होता. त्यांचं उत्तर मागच्या लेखात जागेअभावी कापलं होतं, ते आता पूर्ण देतो: ‘बसमदून उतरलं का मानूस भाजी घेते बाप्पा. आटो करून भाजी घ्याले कोन येईन? आन् आमी तिकडं गेलो, त मंग दुकानदाराच्या दारात कोन येईन?’ दुसरं वाक्य तुमच्यासाठीच आहे.

तुम्ही म्हणता, बाजारही बायपासच्या मैदानात नेणारच आहेत, मग बाया तिथंच उतरतील, तिथंच घेतील. अगदी बरोबर. तिथंच उतरतील आणि तिथूनच परत जातील. हळूहळू मेडिकल, कापड, किराणा सगळं तिकडं सरकेल, कारण तिकडं लेआउट पडून आहेत आणि गाळे निघायला वेळ लागत नाही. मेन रोड चकाचक रुंद होईल, आणि त्याच्यावर उभं राहणारं गिऱ्हाईक बायपासला असेल. ज्यांच्याकडं भांडवल आहे ते दुकानदार तिकडं दुसरं दुकान टाकतील. तुमच्यासारख्या पाठीमागे घर, पुढे दुकान असलेल्यांनी काय करायचं?

आता भाजीवाल्या बायांसाठी तुम्ही वापरलेल्या ‘अतिक्रमणवाले’ या शब्दाबद्दल. तो शब्द मला लागला, हे मोकळेपणानं सांगतो. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात स्पष्ट लिहिलंय, की सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाही पथविक्रेत्याला उठवता येत नाही, आणि हलवायचंच असेल तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. कुठं बसायचं हे ठरवण्यासाठी नगर पथविक्रेता समिती असते, तिच्यात 40 टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात आणि त्यातल्या एक-तृतीयांश बाया असाव्या लागतात. आपल्या गावात ही समिती या आराखड्यासाठी एकदाही बसली नाही. दुसरीकडं, 2020 साली पीएम स्वनिधी ही पथविक्रेत्यांना कर्ज देणारी केंद्राची योजना आली तेव्हा याच बायांना याच नगरपरिषदेनं पथविक्रेत्या म्हणून शिफारसपत्रं दिली आणि 10,000 रुपयांचं कर्ज काढून दिलं. ती पत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून अजून त्यांच्या जवळ आहेत, मी पाहिली. कर्ज देताना त्या विक्रेत्या होत्या. आता त्याच अतिक्रमण कशा झाल्या?

नव्या कॉम्प्लेक्समध्ये त्यांना गाळे देऊ, असं म्हणतात. अनामत रक्कम भरून, पहिल्या मजल्यावर. डोक्यावर पाटी घेऊन पहिल्या मजल्यावर भाजी विकायची? यावर जास्त लिहीत नाही. जुन्या कॉम्प्लेक्सचा वरचा मजला तुम्ही रोज पाहता.

सिमेंट रस्त्याबद्दल एकच सांगतो, ते तुमच्या कामाचं आहे. जुना डांबरी थर न खोदता वर सिमेंट ओतलं, तर रस्ता दुकानांच्या जोत्यापेक्षा उंच होतो आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी आत शिरतं. खोदाई किती आणि रस्त्याची अंतिम उंची किती, हे लेखी घ्या. आणि दवाखान्यासमोरचे ते सात कडुलिंब रुंदीकरणात जातात, नकाशावर त्यांच्यावर फुल्या आहेत. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा आख्ख्या मेन रोडला सावली तेवढीच असते, दुपारी पेशंटचे नातेवाईक तिथंच डबा खातात. 50 वर्षांहून जुन्या झाडाला राज्याच्या झाडांच्या कायद्यात 2021 च्या दुरुस्तीनं हेरिटेज म्हटलंय. त्या झाडांसाठी मी वेगळा अर्ज केला आहे.

आता मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. हा आराखडा प्रशासकाच्या काळात तयार झाला, निवडून आलेला एकही नगरसेवक तेव्हा नव्हता. डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका झाल्या, आता नगरसेवक आले, त्यांच्याशी बोलता येईल, हे चांगलंच झालं. पण आपला बाजार ज्यांच्या जिवावर चालतो ती माणसं आजूबाजूच्या खेड्यांतली आहेत. त्यांचं मत ग्रामपंचायतीला पडतं, नगरपरिषदेला नाही. त्यामुळं बसस्टँड कुठं असावा हे नगरसेवकानं त्यांना विचारायचं काही कारणच उरत नाही. तुम्ही मला म्हणालात की मी मूठभर लोकांचं मत छापलं. मान्य. पण ज्यांना कुणी विचारतच नाही, त्यांच्याकडं मी आधी गेलो, आणि पुन्हा तसंच करीन.

एक वाट मात्र आहे, आणि ती फार लोकांना ठाऊक नाही. बाजाराची आणि स्टँडची जागा विकास योजनेत ज्या कामासाठी दाखवली आहे, ती बदलायची तर 1966 च्या नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली नोटीस काढून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. कायद्यातले शब्द ‘कोणत्याही व्यक्तीकडून’ असे आहेत. गावचा मतदारच पाहिजे असं कुठंही म्हटलेलं नाही. खेड्यातली माय, तिची सासू, कापसाची बंडी आणणारा शेतकरी, कुणीही लेखी हरकत देऊ शकतं. आणि ट्रकसाठी तर आराखड्याची वाट पाहायची गरजच नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 115 खाली ठराविक रस्त्यावर, ठराविक वेळेत जड वाहनांना बंदी घालता येते. त्याला टेंडर लागत नाही, कुणाचं दुकान तुटत नाही. बायपास तयार आहे, फलक आणि दोन पोलीस लागतील.

मी अर्जाचा मसुदा केला आहे. पहिली मागणी: सकाळी आठ ते रात्री आठ मेन रोडवर जड वाहनांना बंदी, त्यातून सूट फक्त एसटीला, आणि गावातच माल उतरवणाऱ्या गाड्यांना ठराविक वेळ. दुसरी: दुकानांसमोर कार लावायला सम-विषम तारखांचा नियम. तिसरी: स्टँड आहे तिथंच ठेवून दुरुस्ती. चौथी: बाजाराच्या दिवशी चौकापासून दवाखान्यापर्यंत एक पदर पूर्ण मोकळा, पांढऱ्या पट्ट्यानं आखलेला. त्या पट्ट्याच्या आत टोपली ठेवणार नाही, असं सतरा बायांनी अंगठे आणि सह्या करून लिहून दिलंय. ही चौथी मागणी तुमच्या वडिलांची गोष्ट वाचल्यावर घातली. आधीच्या मसुद्यात ती नव्हती.

तुम्ही पहिल्या मागणीवर सही करणार असाल तर बाकीच्या तिन्हींवर आपण वाद घालू, मला चालेल. मंगळवारी सव्वादहाची गाडी लागते तेव्हा स्टँडच्या गेटपाशी या. मी कागद घेऊन तिथंच उभा असतो. गाडीतून उतरणाऱ्यांच्या मागं मागं तुमच्या दुकानापर्यंत चालत जाऊ आणि वाटेत कोण कुठं थांबतं ते दोघं मिळून पाहू.